बांधलेले हात आणि मोकळी तिजोरी

नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार ही चार नावे आमच्या घरांतून सायंप्रार्थनेइतक्याच नियमाने उच्चारली जातात. पहाटे फुलांच्या व भाजीच्या टोपल्या घेऊन दादरची वाट धरणारी माउली, पावणेआठच्या गाडीच्या दारात एका पायावर उभा राहणारा कारकून, अंधेरीच्या महाविद्यालयात शिकणारी लेक, चर्चगेटच्या कचेरीतून निवृत्त होईपर्यंत आयुष्याची कित्येक वर्षे शब्दशः उभ्याने काढलेले वडीलधारे! आपल्या धर्मग्रामांत असे कुटुंब विरळाच, की ज्याच्या उंबरठ्याची एक बाजू रुळाला टेकलेली नाही. म्हणूनच रेल्वेच्या पैशाचा प्रश्न अर्थशास्त्र्यांनी आपसात सोडवावा आणि आपण तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सोडून द्यावा, असे आम्हांला वाटत नाही. तो आपल्या ओटीवरचा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी दहाबारा जण एक निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. मागणी फार मोठी नव्हती. स्थानकावरचा जुना पूल गर्दीच्या वेळी इतका तुंबत असे, की म्हाताऱ्या माणसांना दोन गाड्यांची गर्दी ओसरू देऊन मगच जिना उतरावा लागे. तेथे आणखी एक जिना द्यावा, एवढेच आमचे म्हणणे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, चहाही दिला आणि मग दोन्ही हात टेबलावर पसरून ते म्हणाले, “तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण आमचे हात बांधलेले आहेत. तरतूद नाही.” आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. परतीच्या गाडीत आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, “हे हात बांधतो कोण? आणि सगळ्यांचेच हात या दोरीने बांधले जातात का?” गाडीच्या खडखडाटात त्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. ते उत्तर आज देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम त्या दोरीविषयी. ती खरी आहे, आणि ती कोणा अधिकाऱ्याने वळलेली नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. राज्यघटनेच्या २६६ व्या अनुच्छेदानुसार सरकारच्या एकत्रित निधीतून कायद्याच्या आधाराखेरीज एक रुपयाही काढता येत नाही. केंद्रात ११४ व्या आणि राज्यात २०४ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्यासाठी विनियोजनाचा कायदा संमत व्हावा लागतो. त्याआधी प्रत्येक खात्याची मागणी लोकसभेपुढे वा विधानसभेपुढे ठेवावी लागते. सभागृह ती मान्य करू शकते, कमी करू शकते आणि नाकारूही शकते. राज्याकडे केंद्राचे कर्ज थकीत असेल, तर नवे कर्ज काढण्यापूर्वी २९३ व्या अनुच्छेदानुसार केंद्राची संमती लागते. त्यावर २००३ साली केंद्राने आणि २००५ साली महाराष्ट्राने वित्तीय उत्तरदायित्वाचे कायदे केले. तूट किती असावी, कर्ज किती वाढू द्यावे, यांना त्या कायद्यांनी लगाम घातला.

वाहतुकीच्या प्रकल्पांना याखेरीज आणखी काही कुंपणे आहेत. खाजगी भागीदारीतील प्रकल्पाला तोट्याची भरपाई म्हणून जो ‘व्यवहार्यता तफावत निधी’ मिळतो, तो २००६ च्या योजनेनुसार केंद्राकडून खर्चाच्या जास्तीत जास्त २० टक्के. त्याउपर राज्याने वा संबंधित यंत्रणेने आणखी २० टक्क्यांपर्यंत द्यावेत. मुंबईतील वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही पहिली मेट्रो याच पद्धतीची. ती २०१४ साली सुरू झाली. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर असे ठरविले, की केंद्राचे साहाय्य हवे असेल तर कोणत्या ना कोणत्या स्वरूपात खाजगी भागीदारी हवीच. ही धोरणे सभागृहाने केलेले कायदे नव्हेत, हे खरे. परंतु पैसा अडविण्याच्या कामी त्यांची सत्ता कायद्याइतकीच करडी असते.

या मर्यादांना आमचा विरोध नाही, हे आम्ही येथेच नोंदवून ठेवतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या आजीने आपल्याला शिकविले आहे. लग्नात ऋण काढून मांडव घातला आणि पुढे वाडी गहाण पडली, अशी उदाहरणे आपल्या गावांत नाहीत असे कोण म्हणेल? सरकारचे कर्ज म्हणजे शेवटी आपल्या नातवंडांच्या नावावर लिहिलेली हुंडी. ती लिहिण्यापूर्वी कोणीतरी हात धरावा, हे योग्यच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. घरातील आजी जेव्हा हात आखडता घेते, तेव्हा ती सर्वांसाठी घेते. थोरल्याला दूध आणि धाकट्याला ताक, असा दुजाभाव ती करीत नाही. सरकारी मर्यादेचे मात्र असे झाले आहे, की उभ्याने जाणाऱ्याचे काम आले म्हणजे दोरी करकचून आवळली जाते, आणि बसून जाणाऱ्याचे काम आले म्हणजे तीच दोरी गळून पडते.

मर्यादा प्रामाणिकपणे घातली म्हणजे ती कशी दिसते, याचे एक उदाहरण आम्ही दूरच्या देशातून देतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात मार्च १९८५ मध्ये जमिनीतील मिथेन वायू साठून एका कापड दुकानाच्या तळघरात स्फोट झाला. त्या भागातून भुयारी रेल्वे जायची होती. तेथील लोकप्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांनी संघराज्याच्या संसदेत प्रश्न उचलला आणि त्या पट्ट्यात बोगदा खणण्यासाठी संघराज्याचा निधी वापरू नये, असा निर्बंध कायद्यात आला. विल्शायर रस्त्याखालून पश्चिमेकडे जाणारी रेल्वे त्यामुळे अडली. पुढे १९९८ साली त्या परगण्यातील मतदारांनीच कौल देऊन, स्थानिक विक्रीकराचा पैसा नव्या भुयारी मार्गांना वापरण्यास मनाई केली. भुयारी रेल्वेच्या वाढत्या खर्चाला ते विटले होते. २००५ साली तज्ज्ञांच्या समितीने निर्वाळा दिला, की नव्या तंत्राने तेथे सुरक्षितपणे बोगदा खणता येईल. तेव्हा ज्या वॅक्समन यांनी निर्बंध आणला होता, त्यांनीच तो उठविण्याचा प्रस्ताव मांडला आणि २००७ च्या अखेरीस तो उठला.

त्या निर्बंधामुळे नुकसान झाले नाही असे आम्ही म्हणत नाही. वीस वर्षे म्हणजे एका पिढीचा प्रवास. त्यामागे केवळ वायूची भीती होती की श्रीमंत वस्तीची नाराजीही होती, याविषयी त्या शहरात पुष्कळ वाद झाला. परंतु पाहा, तेथे मर्यादा लिहिलेली होती. ती कोणी घातली, का घातली, कोणत्या रस्त्यावर घातली हे नागरिकाला ठाऊक होते. म्हणून तिच्याशी भांडता आले, पुरावा आणता आला आणि ज्याने ती घातली त्याच्याकडूनच ती उठविता आली. आमच्या साहेबांच्या ‘तरतूद नाही’ या उत्तराशी भांडायचे तर कोणत्या दारात उभे राहायचे? त्या उत्तराला सही नाही, तारीख नाही आणि कारणही नाही.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने महासाथीपूर्वी रोज सुमारे पंच्याहत्तर लाख प्रवासी नेले. या सेवेच्या वाढीसाठी १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचे टप्पे या महामंडळाने राबविले. खर्च केंद्र व राज्य यांनी निम्मा निम्मा वाटून घेतला, जागतिक बँकेचे कर्ज घेतले आणि प्रवाशाच्या तिकिटावर अधिभारही आकारला. पहिल्या टप्प्यात बोरिवली ते विरार चार मार्ग झाले, आणि त्या दिवसापासून वसईकराला थोडा श्वास घेता आला, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. पैसा लोकलवर खर्च झाला की त्याचा उपयोग किती तातडीने आणि किती माणसांना होतो, याचे ते प्रत्यक्ष प्रमाण आहे.

पण विरारच्या पलीकडे पाहा. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत नेली गेली. मार्ग मात्र दोनच, आणि त्याच दोन मार्गांवरून गुजरातकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्याही धावतात. तेथे तिसरा व चौथा मार्ग टाकण्याचे काम ज्या तिसऱ्या टप्प्यात आहे, त्या संपूर्ण टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये १०,९४७ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. या रकमेत पनवेल–कर्जत मार्ग, ऐरोली–कळवा जोडमार्ग आणि नव्या गाड्या हे सारे आले. २०२५ साल उजाडले, तरी विरार–डहाणूचे हे दोन मार्ग पूर्ण झालेले नव्हते. भूसंपादन, परवानग्या, पूल अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. सगळा दोष पैशाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु केळवे, सफाळे, वैतरणा येथे गाडीची वाट पाहणाऱ्या आदिवासी भगिनीला आणि कोळिणीला नऊ वर्षे म्हणजे काय, हे फाईलवरच्या शेऱ्यावरून कळणार नाही.

याच काळात दुसऱ्या एका मार्गाचे काय झाले? मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. अंतर ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज सुमारे १,०८,००० कोटी रुपये. म्हणजे लक्षावधी उपनगरी प्रवाशांच्या तिसऱ्या टप्प्याला जेवढे मंजूर झाले, त्याच्या जवळजवळ दहापट. तिचे एक स्थानक विरारलाही आहे, आणि तिच्यासाठी आपल्या तालुक्यातील जमिनीही गेल्या. आम्हांला सांगण्यात येते, की हे तर जपानचे कर्ज आहे, ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांत फेडायचे. ते लोकलला थोडेच मिळणार होते? युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण कर्ज कोणाचेही असो, फेडणारी तिजोरी एकच असते. प्रकल्पाच्या कंपनीत महाराष्ट्राने भागभांडवल म्हणून ५,००० कोटींचा वाटा उचलायचा ठरला, तो काही जपानचा नव्हे. आणि परकीय कर्जच घ्यायचे तर ते लोकलसाठीही मिळते, हे जागतिक बँकेने आपल्याला दाखवून दिले आहेच. प्रश्न कर्ज कोण देतो याचा नसून, आपण ते कशासाठी मागतो याचा आहे.

रस्त्यांची कथा याहून बोलकी आहे. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा किनारी मार्ग साडेदहा किलोमीटरचा. त्यावर मुंबई महापालिकेच्या तिजोरीतून बारा हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर टोल नाही. दुचाकीला आणि रिक्षाला तेथे प्रवेश नाही. बसला आहे, पण हा रस्ता मुख्यतः कोणाच्या वाहनासाठी बांधला, हे शेंबडे पोरही सांगेल. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. दुसऱ्या दिवशी विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. आमच्या दहिसर नाक्यावरून मोटारी सुसाट निघाल्या, याचा आम्हांला हेवा नाही. आमच्यापैकी काहींच्या मोटारीही त्यात होत्या. आम्ही एवढेच विचारतो, की बुडणाऱ्या या उत्पन्नाची तरतूद एका बैठकीत झाली, त्या दिवशी ‘हात बांधलेले’ कोठे होते?

येथे आमच्या हाती एक जुने तिकीट आहे. काही वर्षांपूर्वी रेल्वेने तिकिटांवर छापायला सुरुवात केली, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्केच रक्कम रेल्वेला वसूल होते. उरलेला भार देशातील सामान्य नागरिक सोसतो, असेही प्रवाशाला सुनावण्यात आले. छापा, खुशाल छापा! हिशेब कळणे चांगलेच. पण मग किनारी मार्गाच्या तोंडाशी तसाच एक फलक लावा, की या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीकडून वसुली शून्य टक्के असून सर्व भार मुंबईचे नागरिक सोसतात. आणि त्या नागरिकांत धारावीचा चामडे कमावणाराही आला. तसा फलक आमच्या पाहण्यात नाही. पासावर प्रवास करणाऱ्याला तो समाजावर ओझे आहे असे रोज सांगायचे, आणि मोटारवाल्याला तो समाजाचे भूषण आहे असे भासवायचे, ही नीती कोणत्या कायद्यात लिहिली आहे?

आणि या मितव्ययाची किंमत आपण कशाने मोजतो? एल्फिन्स्टन रोड स्थानकावर, ज्याला आता प्रभादेवी म्हणतात, २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. तेथे नवा रुंद पूल बांधण्यास मंजुरी आधीच मिळालेली होती. पूल मात्र कागदावर होता. मग सैन्याला पाचारण करण्यात आले, आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी सैन्याने बांधलेला पूल लोकांसाठी खुला झाला. म्हणजे इच्छा झाल्यावर काम काही महिन्यांचे होते. ती इच्छा होण्यासाठी तेवीस घरांतील दिवे विझावे लागले. वरातीमागून घोडे म्हणावे, तर येथे अंत्ययात्रेमागून पूल आला.

हा अपवाद मानू नका. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये आलेल्या एका जनहित याचिकेत म्हटले होते, की २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसे मृत्यू पावली. दिवसाला सात! त्यानंतर ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी वळणावर खाली पडले आणि किमान चार जण दगावले. ती माणसे बेशिस्त होती, असे म्हणणारे महाभाग भेटतात. त्यांनी एकदा सकाळी आठ वाजता नालासोपाऱ्याला चढून दाखवावे. माणूस दारात लोंबकळतो तो हौसेने नव्हे; आत जागा नसते आणि उशिरा पोहोचल्यास पगार कापला जातो, म्हणून लोंबकळतो.

मग दोरी खरोखर आहे कोणाच्या हाती? घटनेने ती सभागृहाच्या हाती दिली आहे. पण सभागृह ती धरते का? १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्र मांडला जात असे. आमच्या लहानपणी त्या दिवशी वडीलधारी मंडळी रेडिओला कान लावून बसत. पासाचे दर, नव्या गाड्या, नवे मार्ग यांची चर्चा चर्चच्या आवारात पुढचे दोन रविवार चाले. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. या विलीनीकरणाचे काही फायदे असतील. पण रेल्वेच्या मागण्यांवर सभागृहाने जे दिवस खर्च करावयाचे, तेही त्याबरोबर आकसले. आणि कधी कधी तर एकही दिवस उरत नाही. १४ मार्च २०१८ रोजी आणि पुन्हा २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून एकगठ्ठा मंजूर केल्या. या प्रकाराला संसदीय भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रान्समध्ये त्या यंत्राने माणसांची डोकी उडविली. आपल्याकडे ते प्रश्नांची उडवते.

दुसरीकडे, सभागृहाला वळसा घालणाऱ्या वाटा रुंदावत गेल्या. महामंडळे आणि प्राधिकरणे स्वतःच्या नावाने कर्जे काढतात. राज्य हमी देते. कर्ज महामंडळाच्या वहीत पडते आणि राज्याची तूट कागदावर आटोक्यात राहते. अखेरीस बोजा पडतो तो राज्यावरच. केंद्रालाही हे इतके खटकले, की ज्या कर्जांची परतफेड राज्याच्या अर्थसंकल्पातून व्हायची आहे, ती कर्जे राज्याच्या कर्जमर्यादेत धरण्याचे त्याने २०२२ साली ठरविले. म्हणजे चित्र असे, की कायद्याचे समोरचे दार पादचारी पुलासाठी बंद, आणि मागचे दार महामार्गासाठी सताड उघडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे आम्ही म्हणणार नाही; पण पहारेकरी समोरच्या दारात उभा असताना मागील दाराने माल जात असेल, तर पहाऱ्याचा उपयोग काय?

काही मित्र म्हणतील, की मग या मर्यादाच झुगारून द्या; लोकलला हवे तेवढे पैसे मिळू द्या. आम्ही तसे म्हणणार नाही. बेबंद तिजोरीचा फायदा गरिबाला कधीच होत नाही; ज्याचा आवाज मोठा, तोच तेथे आधी हात घालतो. मर्यादा ही दुबळ्याची ढाल आहे, मात्र ती सर्वांना सारखी असली तरच. आणि मर्यादेच्या आत राहूनही मोठी कामे होतात, याला आपल्याच कोकणाची साक्ष आहे. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीतून कोकण रेल्वे व्हायची तर कित्येक दशके लागली असती. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना त्यासाठी १९९० साली स्वतंत्र महामंडळ निघाले. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा रोख्यांतून उभा राहिला. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. तेथेही कर्ज झाले, आणि त्याचे ओझे महामंडळाने पुढे दीर्घकाळ वाहिले. परंतु कोणी किती घातले हे चारही राज्यांना माहीत होते, आणि ज्या गाडीसाठी घातले त्या गाडीत गावचा माणूस बसत होता. महामंडळ हे पाप नाही. लपविलेले महामंडळ हे पाप आहे.

उपनगरी रेल्वे तोट्यात चालते, तिच्यावर आणखी खर्च कशाला, हा शेवटचा आक्षेप. तोटा आहे, हे मान्य. पण शहराची नफातोट्याची वही एकच असते. एका भरलेल्या गाडीतील माणसे मोटारींनी निघाली, तर त्यांच्यासाठी किती रस्ते, किती पूल, किती वाहनतळ लागतील आणि किती धूर आपल्या मुलांच्या छातीत जाईल, हा खर्च रेल्वेच्या जमेला कोणी धरतो का? वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आपण एकेकाळी रस्त्यावर उतरलो. धड चालणारी लोकल ही त्या पट्ट्याची राखणदार आहे. ती मोडली तर उद्या वाड्यांतून महामार्ग मागितले जातील.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, ठराविक रकमेवरील कोणताही वाहतूक प्रकल्प, मग तो रुळाचा असो, रस्त्याचा असो वा सागरी पुलाचा, हाती घेण्यापूर्वी विधिमंडळात त्यावर स्वतंत्र चर्चा व मतदान व्हावे. आणि दर दिवशी किती माणसे त्यावरून जातील व प्रत्येक प्रवाशामागे किती सार्वजनिक पैसा पडेल, हा आकडा चर्चेपूर्वी छापून मिळावा. दुसरी, महामंडळे व प्राधिकरणे यांची सर्व कर्जे आणि त्यांना दिलेल्या हमी, अर्थसंकल्पाबरोबरच एका तक्त्यात मांडाव्यात, म्हणजे मागचे दार कोठे आहे ते तरी दिसेल. तिसरी, पादचारी पूल, फलाटांची उंची, गाड्यांची दारे अशी जिवाशी निगडित कामे तरतुदीत सर्वांत आधी यावीत. मर्यादा आड येत असेल तर ती उद्घाटनाच्या कामांना आड यावी. चौथी, जे काम मंजूर झाले पण सुरू झाले नाही, त्याचे कारण दरवर्षी लेखी द्यावे. ज्या कारणाला सही आणि तारीख असते, त्याच्याशीच नागरिकाला भांडता येते.

या मागण्या कोणी आपल्या दारी आणून देणार नाही. निवडणूक आली की उमेदवार आपल्या गावांत येतात. आपण त्यांना ओटीवर बसवितो, सरबत देतो, कोणाच्या घरी कोण वारले याची विचारपूस होते आणि मंडळी उठतात. पुढच्या वेळी उठण्यापूर्वी त्यांना दोन प्रश्न विचारा. गेल्या पाच वर्षांत रेल्वेच्या मागणीवर आपण सभागृहात बोललात का? आणि ज्या दिवशी मागण्या चर्चेवाचून मंजूर झाल्या, त्या दिवशी आपण तोंड उघडलेत का? उत्तर काहीही येवो, ते वहीत लिहून ठेवा आणि शेजारच्या धर्मग्रामाला कळवा. आळीतल्या चार घरांनी हे केले, तर पाचवे घर आपोआप करील.

त्या निवृत्त शिक्षकांना आता आम्ही सांगू शकतो. गुरुजी, दोरी आपलीच आहे. आपण मत देऊन ती वळली आणि राखण करावयास काही माणसे सभागृहात पाठविली. त्यांनी ती भलत्यांच्या हाती दिली, आणि आपण ‘तरतूद नाही’ हे उत्तर ऐकून चहा पिऊन परत आलो. आता पुन्हा त्याच कार्यालयात जाऊ, तेव्हा चहा नंतर घेऊ. आधी तरतूद का नाही, ते लेखी मागू.